तुमचा ‘एफ’ वेगळा, माझा ‘एफ’ वेगळा

शुक्रवारी एफ जायचा. शनिवारपासून बुधवारपर्यंत तो बिनबोभाट चालायचा, गुरुवारी कारखान्याला सुट्टी, आणि शुक्रवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास स्टोअर्समधून फोन ठरलेला : ‘सर, एफ परत गेला.’ मी सांगायचो, ‘एकदा रीस्टार्ट मारून बघा.’ कधी एफ परत यायचा, कधी नाही. आला की आपलं काम झालं, अशी मी समजूत करून घ्यायचो. असे चार शुक्रवार गेल्यावर मात्र माझी मलाच लाज वाटली, आणि पाचव्या शुक्रवारी फोनची वाट न बघता नऊलाच भोसरीच्या त्या कारखान्यात जाऊन बसलो.

साल २००६. ऑफिस तसं लहान, बावीस-तेवीस कॉम्प्युटरचं. पण सर्व्हर तीन, आणि तिघांची घराणी वेगळी. जिन्याखालच्या कोनाड्यात नॉव्हेलचं नेटवेअर चालवणारं एक जुनं मशीन होतं. त्यावर फॉक्सप्रोमध्ये कुणीतरी लिहून दिलेला स्टोअर्स आणि बिलिंगचा प्रोग्रॅम. लिहिणारा गृहस्थ कधीच सोडून गेलेला, सोर्स कोडही त्याच्याबरोबर गेलेला. दुसरा सर्व्हर विंडोज २००३चा, अकाउंट्ससाठी घेतलेला. त्यावर टॅलीचा डेटा आणि प्रत्येकाचा स्वतःचा फोल्डर. तिसरा ड्रॉइंग ऑफिसातल्या एका हौशी इंजिनिअरने बाद झालेल्या मशीनवर लिनक्स टाकून उभा केलेला. लिनक्सला विंडोजच्या भाषेत बोलायला लावणारा सांबा नावाचा प्रोग्रॅम त्यावर होता, आणि खरं सांगायचं तर तिघांत सगळ्यात कमी कुरबुर त्याचीच असायची. तिन्ही सर्व्हर तीन वेगवेगळ्या वर्षी, तीन वेगवेगळ्या माणसांनी बसवलेले. एकाने दुसऱ्याला काही विचारायचा प्रश्नच आला नव्हता.

सर्व्हरवरच्या फोल्डरचा खरा पत्ता लांबलचक असतो. आधी दोन उलट्या तिरक्या रेघा, मग सर्व्हरचं नाव, पुन्हा एक रेघ, मग शेअरचं नाव. हे रोज कोण टाइप करत बसणार? शिवाय डॉसच्या काळातल्या प्रोग्रॅमना असला पत्ता कळतच नाही. त्यांना एक अक्षर आणि पुढे कोलन, एवढंच समजतं. म्हणून कॉम्प्युटरला एकदा सांगून ठेवायचं की या पत्त्याला ‘एफ’ म्हणायचं. याला ड्राइव्ह मॅप करणं म्हणतात.

इथे एक गोष्ट नीट धरून ठेवायला हवी. एफ हे सर्व्हरचं नाव नाही. चाळीत कुणी ‘मामा आले’ म्हणून ओरडलं, तर कोण आलं हे ओरडणाऱ्यावरून ठरतं. मामा हे त्या माणसाचं नाव नसतं. ते बोलणाऱ्याशी असलेलं नातं असतं. जिन्यात दोन मुलं एकदम ‘मामा’ म्हणाली, तर मामा दोन असू शकतात आणि दोघांचंही बरोबर असतं. ड्राइव्हच्या अक्षराचं अगदी तसंच आहे. स्टोअर्समधला एफ नेटवेअरवर, ड्रॉइंगमधल्या कुणाचा एफ लिनक्सवर, आणि साहेबांच्या लॅपटॉपवरचा एफ म्हणजे त्यांच्या मुलीचा पेन ड्राइव्ह. ‘एफ गेला’ या तक्रारीला ‘कुणाचा?’ एवढंच आधी विचारायचं असतं. मी चार शुक्रवार ते विचारलंच नव्हतं.

ही अक्षरं आली कुठून, ते थोडक्यात सांगतो, कारण आजच्या भांडणाचं मूळ तिथेच आहे. १९७४च्या सुमारास गॅरी किल्डॉलने सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम केली, तिच्यात फ्लॉपीच्या ड्राइव्हना ए, बी अशी नावं होती. १९८१मध्ये आयबीएमचा पीसी आला, त्याच्याबरोबर डॉस आलं, आणि डॉसने ती पद्धत जशीच्या तशी उचलली. ए आणि बी फ्लॉपीचे ठरले. १९८३च्या एक्सटी मॉडेलमध्ये हार्ड डिस्क आली, तिला सी मिळाला. फ्लॉपी इतिहासजमा झाली तरी आपली हार्ड डिस्क अजून सीवरच बसलेली असते. रिकामं घर शेजारी असूनही भाडेकरू हलत नाही तशी.

मग नेटवर्क आलं. डॉसला किती अक्षरं लागतील हे कॉन्फिग डॉट सिस या फाइलमधल्या लास्टड्राइव्ह या ओळीत सांगायचं असे. काहीच सांगितलं नाही तर डॉस ईपर्यंतची अक्षरं स्वतःसाठी धरून ठेवायचं. त्यामुळे नेटवेअरला पहिलं मोकळं अक्षर मिळायचं ते एफ. तोच पायंडा पडला. ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्याने ज्याने नेटवेअरसाठी प्रोग्रॅम लिहिला, त्याने डोळे मिटून त्यात एफ कोलन लिहून टाकलं. आमच्या फॉक्सप्रोवाल्यानेही तेच केलं होतं. ते अक्षर बदलायचं तर सोर्स कोड हवा, आणि सोर्स कोड कुठे होता ते वर आलंच आहे.

नेटवेअरची आणखी एक खोड होती. साध्या ड्राइव्हची अक्षरं ते एफपासून पुढे वाटायचं, पण सर्च ड्राइव्ह नावाचा जो प्रकार होता, म्हणजे प्रोग्रॅम शोधायला जिथे जायचं त्या जागा, त्यांना ते झेडपासून उलटं, मागे मागे येत अक्षरं द्यायचं. पहिला सर्च ड्राइव्ह झेड, दुसरा वाय. नेटवेअरच्या स्वतःच्या कमांड ज्या पब्लिक फोल्डरमध्ये असत, तो अशा रीतीने झेडवर बसायचा. आणि विंडोज सर्व्हर बसवणाऱ्या माणसाने सगळ्यांचा कॉमन फोल्डर कुठे ठेवला होता? झेडवर. त्याचंही काही चुकलं नव्हतं. ड्राइव्ह मॅप करणाऱ्या ‘नेट यूज’ या कमांडला अक्षराच्या जागी नुसतं ताऱ्याचं चिन्ह दिलं, तर विंडोजही झेडपासूनच मागे येत मोकळं अक्षर शोधते. दोघांनी स्वतंत्रपणे एकच शहाणपणा केला होता.

परिणाम असा की सकाळी लॉगिन झालं की दोन स्क्रिप्ट पळायच्या, एक नेटवेअरची आणि एक विंडोजची. जिला झेड आधी मिळाला तिचा झाला. ‘नेट यूज’ला अक्षर घेतलेलं सापडलं की ती ८५ नंबरची एरर देते आणि गप्प पुढे जाते. बॅच फाइलची काळी खिडकी क्षणभर चमकून बंद होते, तेवढ्यात ती एरर वाचणार कोण? मग अकाउंट्सच्या मॅडम म्हणायच्या, ‘कॉमनमध्ये आमची एकही फाइल नाही, दुसरंच काहीतरी इंग्रजी भरलंय.’ ते ‘दुसरंच’ म्हणजे नेटवेअरचा पब्लिक फोल्डर. मी स्क्रिप्टमधल्या प्रत्येक ओळीखाली ‘पॉज’ लिहिलं, खिडकी थांबली, आणि तीन महिन्यांची तक्रार तीन मिनिटांत वाचता आली.

आता शुक्रवार.

स्टोअर्समधले गृहस्थ सव्वानऊला आले. खिशातून पेन ड्राइव्ह काढला, सीपीयूला पुढून लावला, मग मशीनचं बटण दाबलं, आणि चहा घ्यायला गेले. मी त्यांना अडवलं नाही, बघत बसलो. परत येऊन त्यांनी लॉगिन केलं, फॉक्सप्रोचा आयकॉन दाबला, आणि ‘फाइल सापडत नाही’ असा निरोप आला. माझ्याकडे वळून ते म्हणाले, ‘बघा, गेला.’

मशीनवर सी आणि डी हे हार्ड डिस्कचे दोन भाग, ई हा सीडी रायटर. पुढचं मोकळं अक्षर एफ. मशीन सुरू होतानाच पेन ड्राइव्ह लावलेला असला तर विंडोज त्याला एफ देऊन मोकळी होते. लॉगिन नंतर होतं, नेटवेअरची स्क्रिप्ट त्याहून नंतर, तोवर जागा गेलेली. फॉक्सप्रो बिचारा पेन ड्राइव्हमध्ये स्टॉकची फाइल शोधत बसायचा. बुधवारी संध्याकाळी हे गृहस्थ स्टॉक स्टेटमेंट घरी करायला न्यायचे, सुट्टीत ते पुरं करायचे आणि शुक्रवारी येताक्षणी पेन ड्राइव्ह लावायचे. कामसू माणूस. रीस्टार्ट करताना पेन ड्राइव्ह काढलेला असला की एफ यायचा, लावलेला असला की नाही. ‘कधी यायचा, कधी नाही’ यामागे एवढंच होतं.

हे उलगडल्यावर शेजारच्या टेबलावरच्या, परचेसच्या मॅडमनी विचारलं, ‘मग माझा पेन ड्राइव्ह इथे दिसत नाही, घरी दिसतो, ते का हो?’ त्यांनी दोन पेन ड्राइव्ह खराब म्हणून टाकून दिले होते. रोग एकच, फक्त उलट बाजूने. त्या आधी लॉगिन करायच्या आणि मग पेन ड्राइव्ह लावायच्या. विंडोज एक्सपीपासून नेटवर्कची अक्षरं ज्याच्या त्याच्या लॉगिनच्या खात्यात वेगळी ठेवली जातात. पेन ड्राइव्हला अक्षर देणारा विंडोजचा भाग मात्र त्या सगळ्या लॉगिनच्या खालच्या मजल्यावर असतो. त्याला वरच्या खात्यात काय लिहिलंय ते दिसत नाही. त्याच्या लेखी एफ मोकळाच, म्हणून तो पेन ड्राइव्हला एफ देतो. पण मॅडम जेव्हा एफ उघडतात तेव्हा आधी त्यांचं स्वतःचं खातं बघितलं जातं, तिथे नेटवेअर सापडतं, आणि पेन ड्राइव्ह त्याच्या मागे झाकलेला राहतो. दिवा लुकलुकतो, पण ड्राइव्ह दिसत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये गेलं की तो तिथे दिसतो, एफ नाव लावून मजेत बसलेला.

तिथल्या तिथे उपाय म्हणजे डिस्क मॅनेजमेंटमध्ये पेन ड्राइव्हचं अक्षर बदलून देणं. विंडोज ते लक्षात ठेवते, पण त्या एकाच पेन ड्राइव्हपुरतं; उद्या नवा आणला की पुन्हा तेच. म्हणून मी प्रत्येक मशीनवर सीडी रायटर ईवरून उचलून आरवर टाकला. ई मोकळा झाला, पेन ड्राइव्ह आला की तो ईमध्ये जाऊन बसू लागला, एफला धक्का नाही. दोन पेन ड्राइव्ह एकदम लावणाऱ्याला अजूनही त्रास होणार होता, पण असा माणूस त्या ऑफिसात एकच होता आणि त्याला मी तोंडी सांगितलं. चार खाचांचे कार्ड रीडर लावलेल्या मशीनवर मात्र गाठ वेगळी होती. ते रिकामे असले तरी चार अक्षरं अडवून बसतात, रेल्वेच्या जनरल डब्यात रुमाल टाकून जागा धरल्यासारखे. त्यांना मधली, कुणाला नको असलेली अक्षरं दिली; जिथे कार्ड कधीच लागत नव्हतं तिथे रीडर बंदच करून टाकला.

लिनक्सवरची भानगड निराळी होती. ड्रॉइंगच्या शेअरला ‘ड्रॉइंग’ नावाचं एक सामाईक खातं होतं, क्वालिटीच्या शेअरला ‘क्वालिटी’ नावाचं. एकाच माणसाला दोन्ही लागले की पहिला ड्राइव्ह मुकाट मिळायचा आणि दुसऱ्याला १२१९ नंबरची एरर यायची. पासवर्ड दहा वेळा बरोबर टाइप केला तरी तीच. एका लॉगिनमधून एका सर्व्हरकडे एकाच नावाने जाता येतं, असा विंडोजचा नियम आहे. एका दारातून सकाळी ‘मी ड्रॉइंगचा’ म्हणून आत गेलात, की दुपारी त्याच दारावर ‘मी क्वालिटीचा’ म्हणून उभं राहता येत नाही. यातली खोच अशी की तुम्ही एकही ड्राइव्ह मॅप केलेला नसला तरी हे होऊ शकतं. नुसतं एक्सप्लोररमध्ये सर्व्हरचं नाव टाकून काय काय शेअर आहेत ते पाहिलं, तरी मागच्या बाजूला आयपीसी डॉलर नावाची एक अदृश्य जोडणी तयार होते, आणि त्या जोडणीवर तुमच्या चालू लॉगिनचं नाव लागतं.

यावर एक लबाडी सगळ्या हार्डवेअरवाल्यांना ठाऊक असते. दुसरा ड्राइव्ह सर्व्हरच्या नावाने न जोडता त्याच्या आयपी पत्त्याने जोडायचा. विंडोजला ते दोन वेगळे सर्व्हर वाटतात आणि काम निघतं. मीही हे केलेलं आहे, मार्चअखेरीस, रात्री आठ वाजता, सगळे घरी जायला उठलेले असताना. पण ते ठिगळ आहे. उद्या सर्व्हरचा पत्ता बदलला की अर्धे ड्राइव्ह चालतात, अर्धे मरतात, आणि का ते कुणालाच आठवत नाही. खरा उपाय म्हणजे सामाईक खाती बंद करायची, प्रत्येक माणसाला स्वतःचं एक नाव द्यायचं आणि त्या नावाला दोन्ही शेअरचे हक्क द्यायचे. त्या इंजिनिअरने ते एका दुपारी करून टाकलं. सांबाचं नाव आलंच आहे तर सांगून टाकतो : ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराला अँड्र्यू ट्रिजेल यांनी डिसेंबर १९९१मध्ये ते काम सुरू केलं. विंडोजची फाइल देवाणघेवाण ज्या एसएमबी बोलीत चालते तिची तीन अक्षरं त्याच क्रमाने असलेले शब्द त्यांनी शब्दकोशात शोधले आणि त्यातून ‘सांबा’ निघाला. नाचाशी त्याचा काही संबंध नाही.

एररचे नंबर पाठ असले की निम्मं काम फोनवरच होतं. ५३ म्हणजे वाडाच सापडला नाही : नाव चुकलं, केबल निघाली किंवा सर्व्हर बंद. ६७ म्हणजे वाडा सापडला, पण त्या नावाची खोली त्यात नाही. ५ म्हणजे खोली आहे, पण तुम्हाला आत सोडायचं नाही असं ठरलंय. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड खोटा. ८५ म्हणजे ती पाटी आधीच दुसऱ्या दारावर लागली आहे. आणि १२०२ ही सगळ्यांत लबाड. पाटी कुठेच दिसत नाही, पण कधीकाळी ‘पुढच्या लॉगिनला पुन्हा जोडा’ या चौकोनात टिचकी मारलेली असते आणि विंडोजच्या मनात ते अक्षर दुसऱ्याच पत्त्याला वाहिलेलं असतं. अशा जुन्या आठवणी रजिस्ट्रीत वापरणाऱ्याच्या नावाखाली ‘नेटवर्क’ नावाच्या कप्प्यात अक्षरागणिक जपलेल्या असतात. बंद पडून वर्ष झालेल्या सर्व्हरचे पत्ते मला तिथे सापडले आहेत.

म्हणून नियम असा की तक्रार करणाऱ्याच्या खुर्चीवर, त्याच्याच लॉगिनने बसायचं. ॲडमिन म्हणून लॉगिन करून बघण्यात काही अर्थ नाही. तुमचे मामा वेगळे. नुसतं ‘नेट यूज’ टाइप करायचं आणि येणारे चार रकाने सावकाश वाचायचे. स्टेटस, अक्षर, पत्ता, आणि शेवटचा रकाना कुठल्या घराण्याचं नेटवर्क ते सांगणारा. मिश्र सर्व्हरच्या ऑफिसात हा शेवटचा रकाना सोन्यासारखा, कारण एफसमोर नेटवेअर यायला हवं तिथे मायक्रोसॉफ्ट आलं की शोध तिथेच संपतो. स्टेटसमध्ये ‘डिस्कनेक्टेड’ दिसलं किंवा एक्सप्लोररमध्ये ड्राइव्हवर लाल फुली दिसली म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. विंडोज सर्व्हर पंधरा मिनिटं निवांत बसलेली जोडणी स्वतःहून सोडून देतो; डबल क्लिक केलं की ती परत येते. लोक मात्र फुली दिसली की ड्राइव्ह काढून टाकतात आणि नव्याने, हाताला येईल त्या अक्षरावर मॅप करतात. निम्मे गोंधळ या उत्साहातून जन्मलेले असतात.

अकरावा माणूस हा आमच्या धंद्यातला आणखी एक ठरलेला किस्सा. लहान ऑफिसात ‘सर्व्हर’ म्हणतात ते कित्येकदा साधं डेस्कटॉप मशीन असतं. एक्सपी प्रोफेशनल एका वेळी दहाच जणांना आत घ्यायची. विंडोज सेव्हनपासून ही मर्यादा वीस झाली. दहा जण आले की अकराव्याचा ड्राइव्ह काही केल्या जुळत नाही, आणि अकरावा रोज वेगळा असतो, जो उशिरा येतो तो. एका ऑफिसात त्यामुळे लोक वेळेवर यायला लागले होते, म्हणून मालकांनी मला ते लगेच दुरुस्त करू दिलं नाही.

पुढे विंडोज व्हिस्टा आली आणि नवी गंमत सुरू झाली. सेटअप फाइल ड्राइव्हवर डोळ्यांसमोर दिसते, तिच्यावर उजवी क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणावं, तर इन्स्टॉलर म्हणतो तो ड्राइव्हच अस्तित्वात नाही. कारण तेच. ॲडमिन हक्काचा माणूस लॉगिन करतो तेव्हा विंडोज त्याला दोन ओळखी देते, एक साधी आणि एक अधिकाराची. ड्राइव्ह मॅप झाला साध्या ओळखीला, आणि परवानगी देताना तुम्ही दुसऱ्याच ओळखीचे झालात. दोन्ही ओळखींचे ड्राइव्ह एकमेकांना दिसावेत अशी एक रजिस्ट्रीतली सोय आहे, पण मी तिच्या वाटेला जात नाही. फाइल आधी सी ड्राइव्हवर कॉपी करून घ्या म्हणतो. रात्री आपोआप चालणाऱ्या बॅकअपचंही तसंच. शेड्यूल केलेलं काम ज्या खात्याने चालतं त्याला तुमचा झेड ठाऊक नसतो, म्हणून सकाळी बॅकअप रिकामा सापडतो. तिथे अक्षर द्यायचंच नाही, पूर्ण पत्ता द्यायचा.

अलीकडे भांडण अक्षरांवरून कमी आणि बोलीवरून जास्त होतं. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर मशीन कुलूपबंद केली, ती एसएमबीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीतल्या भोकातून शिरून. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोज टेनच्या नव्या आवृत्त्यांत ती जुनी बोली बाजूला पडत गेली. प्रोफेशनलमध्ये तर सुरुवातीला ती असायची, पण पंधरा दिवस कुणी वापरली नाही की विंडोज स्वतःच काढून टाकायची. त्यामुळे नवा लॅपटॉप आल्या दिवशी जुन्या नॅसच्या, म्हणजे नेटवर्कवर फाइल ठेवायच्या डब्याशी बोलतो आणि तीन आठवड्यांनी ओळख दाखवत नाही, असा चमत्कार मी पाहिला आहे. विंडोज इलेव्हनच्या २०२४मधल्या आवृत्तीने आणखी एक पाऊल टाकलं : प्रोफेशनल आवृत्तीत पासवर्डाशिवाय ‘पाहुणा’ म्हणून शेअरमध्ये शिरणं मुळातच बंद, आणि प्रत्येक निरोपावर सही हवी. पासवर्ड न लावलेला नॅसचा डबा गल्लोगल्ली आहे, त्यामुळे सध्या फोन पुष्कळ येतात. जुनी बोली पुन्हा चालू करून द्या, असा आग्रह असतो. मी डब्याचं फर्मवेअर बदलून देतो, त्याला खाती आणि पासवर्ड करून देतो; ते होत नसेल तर डबा बदला म्हणतो. यावरून एक-दोन गिऱ्हाइकं गेलीही.

भोसरीच्या त्या ऑफिसात शेवटी मी एक ए-फोर कागद केला. ई पेन ड्राइव्हचा, एफ नेटवेअरचा आणि दुसऱ्या कुणाचाही नाही, एच ज्याचा त्याचा, पी ड्रॉइंग, क्यू क्वालिटी, आर सीडीचा, एस कॉमन, आणि झेडला कुणी हात लावायचा नाही. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक अक्षर देण्याआधी ते सोडवणारी ओळ घातली, ‘पुन्हा जोडा’ची टिचकी बंद केली, म्हणजे रोज सकाळी पाटी कोरी. एक्सेलच्या ज्या शीट एकमेकींना जोडलेल्या होत्या त्यांचे दुवे सगळ्यांकडे एसच असल्यामुळे तुटायचे थांबले. टेबलांवरच्या शॉर्टकटमध्ये मात्र अक्षर न ठेवता पूर्ण पत्ताच लिहिला. कागद लॅमिनेट करून प्रत्येक मॉनिटरच्या बाजूला चिकटवला. साहेबांच्या केबिनमध्येही एक लावला. तिथे तो दोन दिवस टिकला.

नेटवेअरचं मशीन २०११च्या पावसाळ्यात गेलं. डेटा आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून विंडोज सर्व्हरवर घेतला, त्याला शेअर केलं आणि स्क्रिप्टमधली एक ओळ बदलली. स्टोअर्समधले गृहस्थ साडेनऊला आले, पेन ड्राइव्ह लावला, फॉक्सप्रो उघडला. एफवर सगळं जागच्या जागी होतं. जिन्याखालचा कोनाडा रिकामा झाल्याचं त्यांना आठवड्याने, तिथे छत्री ठेवायला गेल्यावर कळलं.